नैसर्गिक रंगाची मेणबत्ती: रंग तळाला बसतो, ज्योत विझते, मग काय तपासायचं?

नवरात्र संपलं की घरोघरी दिवाळीच्या मेणबत्त्यांची तयारी सुरू होते आणि माझ्याकडे ठरलेली तक्रार यायला लागते. "ताई, बीट वाळवलं, मिक्सरला बारीक पूड केली, मेणात घातली, कितीतरी वेळ ढवळलं. तरी सगळी पूड तळाला. वरचं मेण पांढरं ते पांढरंच. आणि पेटवली तर ज्योत लहान लहान होत विझून जाते." बीटच्या जागी कुणाची जास्वंद असते, कुणाची द्राक्षाची सालं, कुणाची कांद्याची टरफलं. बाकी सगळं तेच. मग कुणी मेणाला दोष देतं, कुणी वातीला. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा मेण चांगलं असतं, वातही ठीक असते; निवडलेला रंगच मेणात उतरणारा नसतो.

मिसळ आठवा. नाशिककरांना आठवायला सांगावं लागत नाही म्हणा. तर्री लाल असते आणि तिच्याखालचा रस्सा त्या मानाने फिका, कारण मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आता बीटची कोशिंबीर पाहा. दही गुलाबी होतं, पण वरून घातलेल्या फोडणीचं तेल पिवळंच राहतं. तो पिवळा हळदीचा, आणि तोही तेलातच उतरलेला. मेण तेलाच्याच जातीचं आहे, फक्त गोठलेलं. जो रंग तर्रीत जातो तो मेणात जाईल. जो दह्यात जातो तो जाणार नाही, कितीही ढवळा.

"पण मी बीट वाळवलं होतं, पाणी शिल्लकच नव्हतं," हा पुढचा प्रश्न. वाळवल्याने पाणी गेलं, रंगाचा स्वभाव गेला नाही. बीटमधला रंग पाण्यात विरघळणारा. वाळवल्यावर तो पुडीच्या कणातच अडकून राहतो आणि कण मेणापेक्षा जड म्हणून तळाला जातो. वरचेवर ढवळत राहून घट्ट होत आलेलं मेण ओतलं तर कण मध्येच अडकतात आणि मेणबत्ती ठिपकेदार गुलाबी दिसते. फोटोत ती छान दिसते; पेटवली की पुढची तक्रार सुरू होते. शिवाय बीटचा रंग उष्णतेने लवकर मरतो, त्यामुळे ते गुलाबी ठिपकेही बरेचदा तपकिरी होतात.

नाशिकमध्ये राहून द्राक्षाचा मोह होणारच. काळी द्राक्षं घरात असतात, वाइनरीतून उरलेला जांभळाजर्द चोथा पाहिला की हात शिवशिवतात. पण द्राक्ष, जांभूळ, कोकम, जास्वंद, गोकर्ण या सगळ्यांचे लाल-जांभळे-निळे रंग एकाच कुळातले आहेत, अँथोसायनिन नावाचे, आणि ते पाण्याचे सोबती आहेत. लासलगावच्या कांद्याची टरफलं, सटाण्याकडच्या डाळिंबांची सालं, पेठ-सुरगाण्याकडचा पळस यांची गोष्टही तीच. कापडाला, रेशमाला हे रंग उत्तम बसतात, कारण तिथे सूत पाण्याच्या पातेल्यात उकळलं जातं. येवल्याचं रेशीमही गरम पाण्याच्याच कुंडात रंगतं. कापड रंगवण्याची कृती वाचून मेण रंगवायला घेतलं की हमखास फसगत होते. या सालींचा मेणाच्या कामात एक वेगळा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

मेण वितळवण्याआधी वाटीत पाहा

एका लहान वाटीत दोन चमचे शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल घ्या. त्यात कोरडी पूड चिमूटभर घाला. ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग न ढवळता निवळू द्या. वरचं तेल स्वच्छ राहून रंगीत झालं असेल तर रंग मेणात जाईल. तेल जसंच्या तसं आणि गाळ खाली, तर ती पूड स्वयंपाकघरात परत न्या. तेल गढूळ दिसलं तर घाई करू नका. त्याचा एक थेंब कागदी रुमालावर टाका. खरा उतरलेला रंग तेलाच्या डागाबरोबर बाहेरपर्यंत पसरतो, नुसते कण असतील तर मध्येच ठिपका करून बसतात.

या चाचणीत घरगुती वस्तूंपैकी पास होणाऱ्या मोजक्याच.

हळद पास होते. पिवळा येतो, सोया मेणात (सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या) लिंबाच्या सालीसारखा फिका, पॅराफिनमध्ये (खनिज तेलापासूनच्या नेहमीच्या मेणात) जरा गडद. हळकुंड आणून घरी कुटलेलं बरं. बाजारच्या सुट्या पुडीत पिठाची किंवा रंगाची भेसळ असू शकते. खाण्याच्या बाबतीत तो धोका आहेच, पण ती जाळून तिचा धूर घरात घेण्यात काहीच शहाणपण नाही.

रतनजोत हा मेणाच्या कामातला राजा. मटणाच्या रोगनजोशला लाली देणारं हेच मूळ. नाशिकच्या भद्रकाली, रविवार कारंजा भागातल्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानांत विचारा, पण "रतनजोतचं मूळ" असं स्पष्ट म्हणा. आपल्याकडे मोगली एरंडालाही काही जण रतनजोत म्हणतात आणि त्याच्या बिया विषारी असतात. हवं ते मूळ गडद जांभळं, पापुद्र्यापापुद्र्याचं आणि हाताला डाग लावणारं असतं. पाण्यात टाकलं तर जवळजवळ काहीच सुटत नाही. कोमट तेलात टाकलं की काही मिनिटांत तेल लालभडक.

शेंदरीच्या बिया मिळाल्या तर केशरी रंगाची चिंता मिटली. लोणी आणि चीज रंगवायला जगभर हाच रंग वापरतात. शेंदरी हे नाव दोन वेगळ्या झाडांना लावलं जातं. आपल्याला हवं ते केसाळ बोंडांचं, ज्याच्या बिया ओल्या बोटाने चोळल्या की बोट केशरी होतं. बिया अख्ख्याच वापरा, कुटू नका. रंग बाहेरच्या आवरणातच असतो, कुटल्याने फक्त गाळ वाढतो.

झेंडूकडे फार कमी जण पाहतात आणि नाशिकमध्ये तर दसऱ्याला घरातच त्याचे ढीग पडतात. दारावरचं तोरण उतरवलं की केशरी पाकळ्या तेवढ्या खुडून सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. दसरा ते दिवाळी वीस दिवसांचं अंतर त्याला पुरतं. पाकळीचा रंग तेलात उतरतो आणि हळदीपेक्षा उबदार पिवळा मिळतो. हिरवा देठ मात्र पूर्ण काढा, नाहीतर रंग मातकट होतो.

मिरचीचं काय, तर्री तर तिचीच? ब्याडगी रंग देते, छान देते. पण मिरचीचा तिखटपणासुद्धा तेलातच उतरतो. मिरचीच्या रंगाचं मेण जाळलं की खोलीत ठसका लागतो, दम्याच्या माणसाला तर फारच त्रास. शोभेच्या, न पेटवायच्या वस्तूंपुरतीच मिरची ठेवा.

हिरव्यासाठी शेवग्याचा वाळलेला पाला चालतो. पण शेवाळी, मेंदीच्या पुडीसारखा हिरवा येतो, पोपटी नाही. जास्त तापवलं की तोही खाकी होतो. आणि निळा? पेटवायच्या मेणबत्तीसाठी घरगुती नैसर्गिक निळा नाही, असंच मी सांगते. नीळ मेणात विरघळत नाही, नुसती कणांच्या रूपात तरंगते. ज्यांना निळाच हवा त्यांनी पुढे वातीबद्दल लिहिलंय ते वाचावं.

रंग थेट सगळ्या मेणात टाकू नका

आधी रंगाची वडी करा. शंभर ग्रॅम मेणाला पंधरा-वीस ग्रॅम रतनजोत, हळद असेल तर दहा ग्रॅम, झेंडूच्या पाकळ्या असतील तर मेणात बुडतील तेवढ्या. हे सगळं मलमलच्या दुहेरी फडक्यात सैल पुरचुंडी बांधून वितळलेल्या मेणात सोडा. घट्ट बांधली तर आतपर्यंत मेण पोचत नाही. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं हवं. मेण ७० ते ७५ अंशांवर राखायचं आणि तासभर तसंच ठेवायचं, मधूनमधून पुरचुंडी चमच्याने दाबायची. मग ती काढा, पिळा, आणि मेण वीस मिनिटं न हलवता वितळलेलंच राहू द्या. तळाला जो बारीक गाळ बसेल तो ओतताना भांड्यातच राहू द्यायचा. शेवटचा चमचाभर मेण वाया गेलं तरी चालेल. वरचं स्वच्छ मेण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून वड्या करायच्या.

वडी किसून पांढऱ्या मेणात घालायची, एक भाग वडीला पाच ते दहा भाग मेण, जितका गडद रंग हवा त्याप्रमाणे. वितळलेल्या मेणात रंग दिसतो तेवढा गडद गोठल्यावर राहत नाही, विशेषतः सोया मेणात. म्हणून थंड स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका, पूर्ण गोठू द्या, मग ठरवा. ताटलीवरचा थेंब पातळ असतो, साच्यातला थर जाड. मेणबत्ती थेंबापेक्षा किंचित गडदच निघेल.

काही जण आधी खाण्याच्या तेलात रंग काढून ते तेल मेणात ओततात. रंग येतो, पण मेणबत्ती मऊ पडते, हाताला तेलकट लागते, एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला गेला की तिला अक्षरशः घाम फुटतो आणि जळताना काजळी धरते. तेल चाचणीच्या वाटीपुरतं. रंग काढायचा तो मेणातच.

आणि पाण्याच्या पातेल्याचा आग्रह उगाच नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचावर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे मेण त्याच्या वर जाऊच शकत नाही. थेट गॅसवर ठेवलेलं मेण उकळत नाही, बुडबुडे येत नाहीत, शांतपणे तापत जातं आणि २०० अंशांच्या पलीकडे कधीतरी त्याची वाफ पेट घेते. खालच्या पातेल्यातलं पाणी आटलं तरी तेच. मेणाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकायचं नाही, भडका वर उसळतो. गॅस बंद करायचा आणि भांड्यावर झाकण सरकवायचं.

ज्योत लहान होते किंवा विझते

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून क्रमाने जाऊ. पहिलं काम, त्याच मेणाची, त्याच साच्यात, त्याच वातीची एक पांढरी मेणबत्ती करा. रंगवायला सुरुवात करण्याआधीच एक करून ठेवलेली बरी. दोन्ही शेजारी पेटवा. पांढरीही रडतखडत जळत असेल तर रंगाला दोष देऊ नका. वात साच्याच्या मानाने बारीक आहे. पांढरी नीट जळते आणि रंगीत विझते, तर भानगड रंगात.

आता रंगीत मेणबत्तीत वातीभोवती साचलेलं पातळ मेण जपून ओतून काढा आणि पुन्हा पेटवा. ज्योत लगेच मोठी झाली आणि मोठीच राहिली, तर वात मेणात बुडत होती. जाड वात घ्या. ज्योत पुन्हा तशीच आखडली, टोकाला काळी गाठ धरली, तर वात तुंबली आहे. वात पातळ मेण आपल्या धाग्यांमधून वर ओढते आणि वर ते जळतं. डोळ्यांना न दिसणारे कणसुद्धा त्या धाग्यांच्या मधल्या जागा बुजवतात. हळदीची पूड, कॉफी, कोको, कोळसा, गेरू, नीळ हे सगळे इथे एकाच रांगेतले गुन्हेगार. "पण कॉफीची मेणबत्ती मी पाहिली आहे" असं म्हणणाऱ्यांनी ती दोन तास पेटलेली पाहिली आहे का, ते विचारून घ्यावं.

तुंबलेल्या वातीवर उपाय तीन, पसंतीच्या क्रमाने.

गाळणं नीट करा. वर सांगितलेलं निवळून ओतणं बहुतेकांचं राहून जातं, कारण वितळलेलं मेण वीस मिनिटं नुसतं पाहत बसायचा कंटाळा येतो. खरं तर तीच सगळ्यांत मोलाची वीस मिनिटं. मलमलमधून बारीक पूड सुटतेच. म्हणूनच मी रतनजोतचे तुकडे वापरते, पूड नाही.

वात साध्या पांढऱ्या मेणात बुडवून, ताणून, सुकवून मगच साच्यात लावा. रंगीत मेणात बुडवलेली वात सुरुवातीपासूनच अर्धी भरलेली असते.

हे करूनही भागलं नाही, किंवा तुम्हाला गेरू आणि निळीसारखे न विरघळणारेच रंग हवे असतील, तर रंग वातीपासून लांब ठेवा. सात-आठ सेंटिमीटर रुंदीची पांढरी मेणबत्ती करा, वात मुद्दाम थोडी बारीक घ्या, म्हणजे जळताना मधे खळगा पडेल पण बाहेरची भिंत वितळणार नाही. ही मेणबत्ती रंगीत मेणात दोन-तीनदा पटकन बुडवून काढा. मेण ७० अंशांच्या आसपास, प्रत्येक बुडीनंतर मिनिटभर थांबून. रंग फक्त सालीवर बसतो, वातीला त्याचा पत्ताही लागत नाही. बुडवायच्या मेणात नीळ सतत ढवळत राहावी लागते एवढंच. बारीक, लांब मेणबत्तीला ही युक्ती चालत नाही, कारण तिची सालही वितळून वातीपर्यंत येते.

कांदा, डाळिंब आणि पळसाचा जो उपयोग मघाशी राखून ठेवला तो इथेच. टरफलं पाण्यात उकळून गाळून घ्या, गरम असतानाच त्यात दोन भाग तुरटी विरघळवा आणि वेगळ्या पाण्यात कालवलेला एक भाग धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फसफसून वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. रंग तुरटीबरोबर साका, म्हणजे दाट गाळ, होऊन खाली बसतो. तो गाळा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, वाळवा, खलात अगदी मऊ घोटा. कांद्याच्या टरफलांचा मोहरीच्या जवळ जाणारा सोनेरी रंग मिळतो. ही पूडही मेणात विरघळत नाही, पण बाहेरच्या थराला, मेणाच्या ठशांना, पाकिटावर लावायच्या मुद्रांना सुंदर रंग देते. पेटणाऱ्या गाभ्यात मात्र नको.

तडतडणं

ज्योत तडतडते, ठिणग्यांसारखा आवाज येतो, तर मेणात पाणी शिरलंय. पावसाळ्यात डब्यातली हळदही ओल धरते. पूड, पाकळ्या, मूळ, सगळं वापरण्याआधी उन्हात किंवा कोमट तव्यावर कोरडं करा. पाण्याच्या पातेल्याची वाफ वरच्या भांड्यात जात असेल तर मोठ्या काठाचं भांडं घ्या. ताज्या पालकाचा रस मेणात ओतणाऱ्यांना मी यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

रंग उडाला

हा दोष नाही, स्वभाव आहे, आणि गिऱ्हाइकाला मेणबत्ती विकणाऱ्यांनी तो आधीच सांगावा. हळदीचा पिवळा उन्हात सगळ्यांत आधी जातो. बाल्कनीत वाळत टाकलेल्या पांढऱ्या कपड्यावरचा वरणाचा डाग उन्हाने फिका पडतो, तोच हा प्रकार. पाल्याचा हिरवाही टिकत नाही. शेंदरी आणि झेंडू मधले. रतनजोत त्यातल्या त्यात सोशिक, पण खिडकीत ठेवलीत तर तीही मंदावते.

स्वतःच्या रंगाचा अंदाज घ्यायचा तर मेणाची एक पट्टी ओता, अर्धी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवा. आठवड्याने फॉइल काढलं की दोन भागांतला फरक दिसेल. मग मेणबत्त्या केव्हा करायच्या हे तुम्हीच ठरवाल. मी हळदीच्या मेणबत्त्या वसुबारसेच्या आठवड्यातच ओतते, रतनजोतच्या आधी केल्या तरी चालतात. वड्या मात्र वर्षभर राहतात. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात, अंधाऱ्या कपाटात. जास्त तापवल्यानेही रंग मरतो. "लवकर रंग निघावा म्हणून" गॅस मोठा केला की लाल रंग विटकरी होतो आणि परत येत नाही.

रंग भलताच आला

रतनजोतच्या बाबतीत हे फार विचारलं जातं. एकाला लाल मिळाला, दुसऱ्याला जांभळा, तिसऱ्याला राखाडी. हा रंग आंबट बाजूला लाल राहतो आणि खाराकडे गेला की जांभळा-निळा होतो. पॅराफिन कडक करायला त्यात स्टिअरिक ॲसिड घातलेलं असेल तर लाली टिकते. भांडं सोड्याने घासून नीट धुतलं नसेल तर जांभळट. सोया मेण मुळात दुधाळ असल्याने त्यात लाल न दिसता मळकट लिलाक, म्हणजे फिका जांभळा, दिसतो. त्यात रंग जास्त घालून उपयोग नाही, पॅराफिन मिसळा किंवा लिलाकवरच खूश राहा. मधमाशीचं मेण स्वतः पिवळं, त्यामुळे त्यात रतनजोत विटेच्या रंगाकडे झुकतं आणि हळद जास्त खुलते. लोखंडी कढईत रंग काढला तर सगळेच रंग मंद पडतात. स्टीलचं भांडं घ्या आणि ते स्वयंपाकाला परत वापरू नका.

थंडीतले पांढरे डाग

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला, निफाडकडे तर विचारूच नका, रात्री ओतलेल्या सोया मेणबत्तीवर सकाळी पांढरट बुरशीसारखी नक्षी दिसते आणि रंग उडाल्यासारखा वाटतो. रंग तिथेच असतो. सोया मेण भराभर गार झालं की पृष्ठभागावर त्याचे स्फटिक दिसायला लागतात. साचा ओतण्याआधी कोमट करा, ओतल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याने झाका, खिडकी बंद ठेवा. पॅराफिनमध्ये याच थंडीने आडव्या रेषा आणि भेगा पडतात, उपाय तोच. पांढऱ्या मेणबत्तीत हे खपून जातं, जांभळ्यात डोळ्यांत भरतं, म्हणून दोष रंगावर येतो.

हे मेणात कधीच नको

"नैसर्गिक" म्हणून देवघरातला शेंदूर मेणात घालणारे भेटतात. शेंदूर हा पारंपरिकरीत्या शिशाचा ऑक्साइड असतो. तो जाळायचा नाही. हिंगूळ पाऱ्याचा, तोही नाही. रांगोळीची रंगीत पूड म्हणजे दगडाची भुकटी आणि त्यावर बाजारी रंग. होळीच्या रंगांचं तर काय सांगावं. कुंकू हळदीचं असलं तरी त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही, आणि खरं हळदीचं असलं तरी त्याचा लाल मेणात उतरत नाही. मिरची पुडीने मेण अपेक्षेपेक्षा भडक, पेन्सिलीसारखं लाल झालं तर त्या पुडीचाच संशय घ्या. भेसळीला वापरले जाणारे काही कृत्रिम लाल रंग तेलात अतिशय छान विरघळतात. वाळलेली फुलं, दालचिनीच्या काड्या शोभेला लावायच्या तर बाहेरच्या भिंतीत, वातीपासून लांब. वातीजवळची वाळकी पाकळी दुसरी वात होते.

बिघडलेला घाणा

ठिपकेदार, तळाला गाळ बसलेल्या मेणबत्त्या फेकू नका आणि मोरीत तर मुळीच ओतू नका. गार पाइपात मेण गोठलं की प्लंबरलाच बोलवावं लागतं. सगळं पुन्हा वितळवा, जुन्या वाती काढा, अर्धा तास निवळू द्या, वरचं मेण दुहेरी मलमलमधून गाळा. बीटचं असेल तर जवळजवळ पांढरं मेण परत मिळतं, कारण रंग त्यात गेलाच नव्हता. त्या मेणात रतनजोतची वडी किसा. हळदीचं किंवा मिरचीचं मेण मात्र पांढरं होणार नाही. हळदीच्या मेणात थोडी रतनजोत घातली की गंजलेला केशरी येतो आणि तो दिवाळीत खपतो. गाळ राहिलेलं तळचं मेण पणत्यांत ओतू नका, वात तिथेही तुंबेलच. वर्तमानपत्राच्या बोळ्यांना लावून ठेवा, हिवाळ्यात बंब किंवा शेकोटी पेटवायला कामाला येतं.